स्मोकर नंतर, आधी कोबा

पत्र : नमस्कार ताई, आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या टेक्सासमध्ये राऊंड रॉकला राहतो. परसात एक पेलेट ग्रिल आहे, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर आपोआप चालणारं. पण जवळच्या टेलर आणि लॉकहार्ट या गावांतलं बार्बेक्यू खाल्ल्यापासून खऱ्या लाकडावर चालणारा, जाड पत्र्याचा ऑफसेट स्मोकर (बाजूच्या पेटीत लाकूड जाळून त्याच्या धुरावर आणि उष्णतेवर मांस शिजवणारं नळकांडं) घ्यायचं डोक्यात बसलंय. इथला एक वेल्डर पाव इंची पोलादाचा, २४ इंच व्यासाचा आणि पाच फूट लांबीचा बनवून द्यायला तयार आहे. बायको म्हणते, आपण बीफ खात नाही, घरात खाणारी चार माणसं, तिची आई शाकाहारी आणि सहा-सहा महिने आमच्याकडे असते, मग एवढं धूड कशाला? मला तो मागच्या लाकडी डेकवर ठेवायचाय, म्हणजे स्वयंपाकघरातून ये-जा सोपी पडेल. गटारीला मित्रमंडळींना बोलवायचा बेत आहे. घ्यावा का? आणि घेतला तर बसवावा कसा?
– एक वाचक, राऊंड रॉक

उत्तर :

घ्या. फक्त वेल्डर सांगतोय तो नको, आणि डेकवर तर मुळीच नको. वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे; कुठलं अर्धं, ते पुढे येईलच.

सुरुवात वजनापासून करू, कारण तुमच्या पत्रात सगळी मापं आहेत, वजन तेवढं नाही. पाव इंच जाडीची पोलादी प्लेट चौरस फुटाला १०.२ पौंड भरते. २४ इंच व्यासाचं पाच फुटी नळकांडं, त्याची दोन्ही तोंडं, आणि तेवढ्याच व्यासाचा दोन फुटी फायरबॉक्स, म्हणजे लाकूड जाळायची पेटी, हे सगळं उलगडून जमिनीवर पसरलं तर साधारण ५६ चौरस फूट पत्रा होतो. म्हणजे ५७० पौंड झाला नुसता पत्रा. त्यावर पाय, जाळ्या, धुराडं, बिजागऱ्या, चाकं. सातशेच्या आसपास धरून चाला.

अमेरिकेत घरगुती डेक साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड भार धरून बांधतात. तुमच्या स्मोकरचा सगळा भार चार चाकांखालच्या चार ठिकाणी येणार, आणि त्याच्या भोवती ताटल्या घेऊन उभी असलेली दहा-बारा मंडळी वेगळी. डेक त्याच दिवशी कोसळेल असं नाही, पण फळ्या दबणार, स्क्रू ढिले होणार. मला मात्र वजनापेक्षा निखाऱ्याची धास्ती जास्त वाटते. फायरबॉक्सचं दार उघडून आत लाकूड सारताना एखादा निखारा बाहेर पडतोच. कोब्यावर पडला तर बुटाने आत ढकलता येतो. डेकवर पडला तर फळ्यांच्या फटीतून खाली जातो, जिथे गेल्या दोन वर्षांचा वाळका पाचोळा साठलेला असतो, आणि तो पेटला हे तुम्हाला वरून दिसतही नाही. स्वयंपाकघराजवळ आहे हीच त्या डेकची अडचण आहे. घराच्या भिंतीपासून, लाकडी कुंपणापासून आणि झाडांच्या खाली झुकलेल्या फांद्यांपासून निदान दहा फूट मोकळे हवेत. पॅटिओच्या छपराखाली नाही, आणि पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता आकार. इथे वहिनी बरोबर आहेत. जाड पोलादाचा फायदा खराच आहे : ते उष्णता धरून ठेवतं. दोन मिलिमीटर पत्र्याच्या स्वस्त ऑफसेटवर जरा वारा सुटला किंवा भुरभुर पाऊस आला की आतलं तापमान पन्नास अंश फॅरनहाइटने खाली येतं आणि तुम्ही दर पंधरा मिनिटांनी लाकूड घालत बसता. पाव इंची प्लेट एकदा तापली की चाळीस-पंचेचाळीस मिनिटं एका लाकडावर निघतात. पण तिला तापायलाच तास-सव्वा तास लागतो, आणि जेवढं पोट मोठं तेवढा जाळ मोठा लागतो. चार माणसांच्या दोन कोंबड्यांसाठी पाच फुटी स्मोकर पेटवला तर एक तर अर्धा ढीग लाकूड जाळावं लागेल, नाहीतर विस्तव लहान ठेवावा लागेल. मोठ्या फायरबॉक्समधला लहान विस्तव नीट जळत नाही, धुमसतो, आणि तो पांढरा दाट धूर मांसावर बसून सगळं कडू करतो. तेव्हा वेल्डरला सांगा, २० इंच व्यास, साडेतीन फूट लांबी, फायरबॉक्सही २० इंची. पत्रा तोच, पाव इंची. हिशेबाने नुसता पत्रा ३६५ पौंड, सगळं मिळून पाचशेच्या आत-बाहेर. पंधरा-वीस माणसांचं जेवण त्यावर आरामात होतं.

वहिनींचं जे अर्धं मला पटत नाही ते बीफबद्दलचं. टेक्सासातल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून हे बार्बेक्यू वाढलं म्हणून ब्रिस्केटचा, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा, एवढा बोलबाला. लॉकहार्टचं क्रॉइझ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ चं, टेलरचं लुई म्युलर १९४९ चं. पण धुराला गाय-बोकड कळत नाही. तुमच्याच राज्यात ब्रेडी नावाच्या गावी लेबर डेच्या सुमारास बोकडाच्या बार्बेक्यूची जागतिक म्हणवली जाणारी स्पर्धा गेली कित्येक दशकं भरते. कोंबडी, टर्की, बोकडाची तंगडी, मेंढीचा खांदा, खात असाल तर डुकराचा खांदा, एवढ्यावर वर्ष निघतं.

वेल्डरशी बोलताना या गोष्टी आधी पक्क्या करा. स्मोकर नव्या पाइपातून करणार की जुन्या टाकीतून? टेक्सासात जुन्या प्रोपेनच्या टाक्या कापून स्मोकर करायची जुनी रीत आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण टाकीत आधी काय होतं हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. प्रोपेन चालेल, रसायन किंवा खताचा अमोनिया असेल तर दुसरा वेल्डर बघा. आणि कापलेल्या टाकीची हौस म्हणून तुम्ही स्वतः ग्राइंडर हातात घेऊ नका. रिकामी दिसणारी टाकी गॅसने भरलेली असू शकते. आतल्या जाळ्या गॅल्व्हनाइझ्ड नकोत, तापल्यावर जस्ताची वाफ सुटते. धुराड्याचं आतलं तोंड जाळीच्या पातळीला हवं. छताला असेल तर गरम हवा मांसाला न शिवता वरच्यावर निघून जाते. तळाला फायरबॉक्सच्या विरुद्ध टोकाकडे किंचित ढाळ आणि तिथे चरबी काढायचा नळ. झाकणाला मागून प्रतिभार लावून घ्याच. पाव इंची झाकण पन्नास पौंडांच्या घरात जातं, आणि ते हातातून सुटून बोटांवर आलं तर बोटं राहत नाहीत. घरात मुलं असतील तर ही गोष्ट वैकल्पिक समजू नका. चाकं रबराची नकोत, फायरबॉक्सखाली ती तडकतात. लोखंडी, कुलूप लागणारी घ्या.

एक गोष्ट मात्र मागून घ्याच : फायरबॉक्सच्या माथ्यावर सपाट प्लेट. तिचा मोठा उपयोग पुढच्या फेरीचं लाकूड तापत ठेवायला, पण तिच्यावर बिडाचा तवा बसतो, चहाचं आधणही येतं. आणि फायरबॉक्सच्या आत निखाऱ्यांवर एक छोटी जाळी बसेल अशी सोय असली की वांगी थेट निखाऱ्यावर भाजता येतात. पोस्ट ओक या तुमच्याकडच्या लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत खाल्ल्यावर तुमच्या सासूबाई या धुडाच्या बाजूने बोलतील असा माझा अंदाज आहे. मांसाचा कप्पा बाजूला, वांगी फायरबॉक्समध्ये, त्यामुळे त्यांच्या ताटाला चरबीचा थेंबही लागत नाही. वांग्यांची पाळी आधी, कोंबडीची नंतर, एवढं पाळा.

हे सगळं करताना एक प्रश्न स्वतःला विचारा. बोकडाची तंगडी सहा तास घेते, डुकराचा खांदा दहा-बारा तास. तेवढा वेळ दर चाळीस मिनिटांनी उठून लाकूड घालायला तुम्हाला आवडतं का? आवडत असेल तर ऑफसेटसारखी मजा नाही. नसेल, आणि रात्री झोपून सकाळी मांस तयार हवं असेल, तर तुमचं पेलेट ग्रिल वाईट नाही, किंवा चिनी मातीच्या अंड्याच्या आकाराचा कमाडो घ्या. एकदा कोळसा भरला की तो रात्रभर २२५ अंश फॅरनहाइट धरून बसतो.

आता कोबा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या कामात बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. राऊंड रॉकच्या पूर्वेकडची जमीन काळी चिकण. विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती आणि टेक्सासच्या ब्लॅकलँड पट्ट्यातली ही माती एकाच जातीची : पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पश्चिमेकडे घर असेल तर खाली चुनखडीचा दगड लागेल, तिथे काम सोपं. काळ्या मातीवर नुसत्या फरशा मांडून पाचशे पौंड ठेवले तर दोन पावसाळ्यांत स्मोकर एका बाजूला कलतो आणि चरबी नळाकडे जायची ती फायरबॉक्सकडे जाते. चरबीला आग लागण्याचं हे हमखास कारण.

सहा फूट बाय आठ फूट जागा आखा. खणण्याआधी ८११ ला फोन करा, ते येऊन गॅस, वीज, केबलच्या वाहिन्यांवर खुणा करून जातात, पैसे घेत नाहीत. लॉनला पाणी घालणाऱ्या स्प्रिंकलरच्या नळ्या मात्र ते दाखवत नाहीत, त्या तुम्हालाच शोधाव्या लागतील. आठ इंच माती काढा, चार इंच खडी घालून चांगली धुमसून घ्या, त्यावर सळयांची जाळी खडीला न टेकता उचलून ठेवा, आणि चार इंच काँक्रीट. हे १६ घनफूट होतं. दुकानात मिळणारी ८० पौंडांची पिशवी ०.६ घनफूट भरते, म्हणजे २७ पिशव्या. एकट्याने कालवायचं म्हटलं तर कंबर बसेल. मिक्सर भाड्याने मिळतो, दोन मित्र बोलवा. घरापासून दूर पाणी वाहील असा फुटाला पाव इंच ढाळ द्या. टेक्सासच्या उन्हात काँक्रीट फार लवकर सुकतं आणि वर तडे जातात, म्हणून आठवडाभर गोणपाट टाकून ते ओलं ठेवा, गावाकडे ठेवतात तसंच. सात दिवसांनी त्यावर चालायला हरकत नाही, स्मोकर ठेवायला मी २८ दिवस थांबेन, तेव्हा कुठे त्याची पूर्ण ताकद येते. फायरबॉक्सच्या खाली चार भट्टीच्या विटा मांडून ठेवा, म्हणजे उष्णतेने कोब्याचा वरचा थर उडणार नाही.

तुमच्या वसाहतीला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेलच. कोबा आणि स्मोकर दोन्हींचं एक साधं चित्र, कुंपणापासूनची अंतरं लिहून, अर्जाला जोडा. आधी बांधून मग परवानगी मागणाऱ्याला ते तोडायला लावतात.

तोंड कुठे करायचं? मध्य टेक्सासात वारा बहुतेक दिवस दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखाताकडून येतो. फायरबॉक्स दक्षिणेला आणि धुराडं उत्तरेला असं ठेवलं की वारा आणि आतली ओढ एकाच दिशेने चालतात. उत्तरेला शेजाऱ्याची झोपायची खोली असेल तर वाऱ्याचा फायदा सोडा आणि स्मोकर फिरवा. जोरदार वाऱ्याच्या दिवशी हवेची झडप अर्धी लावून घ्या.

आणायच्या दिवसाआधी फाटक मोजा. झाकणाची मूठ, धुराडं, चरबीचा नळ धरून स्मोकरची सगळ्यात रुंद जागा किती, हे वेल्डरकडून लिहून घ्या. ३६ इंची फाटकातून ३५ इंची स्मोकर कागदावर जातो, कडी-कोयंड्याला अडकतो. ट्रकने मागवलात तर तो रस्त्याच्या कडेला उतरवून निघून जाणार, परसापर्यंत आणून देणं त्याच्या कामात नसतं. पावतीवर सही करण्याआधी गुंडाळी फाडून बघा, कुठे पोचा असेल तर तो त्याच कागदावर लिहा. लॉनवरून नेताना पाऊण इंची प्लायवूडचे तीन तक्ते घ्या आणि मागचा तक्ता पुढे आणत चला. पावसानंतरचे दोन-तीन दिवस टाळा. फायरबॉक्सचं टोक जड असतं, दणकट माणसं त्या बाजूला. धुराडं किंवा मूठ धरून उचलायचं नाही, खालची चौकट धरायची. जागेवर आल्यावर पाणसळ थेट जाळीवर ठेवून बघा.

पहिला विस्तव मांस न ठेवता. आतून साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, पातळ तेलाचा हात फिरवा. नवा बिडाचा तवा आपण जसा तेल लावून तापवतो तसंच. तेल साचेल इतकं लावलं की चिकट राहतं. मग २५० अंशांवर दोन-तीन तास, शेवटी थोडा वेळ ३५० पर्यंत. पहिल्याच दिवशी भडका करू नका, बाहेरचा रंग फुगतो. फायरबॉक्सवरचा रंग काही महिन्यांत जाणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका; गरम असताना तेलाचा फडका मारत राहा.

झाकणावरचा काटा विश्वासाचा नाही. तो वरच्या हवेचं तापमान सांगतो, मांस खाली जाळीवर असतं. दोन प्रोब असलेला थर्मामीटर घेऊन एक जाळीवर ठेवा. दुकानातली स्वस्त बिस्किटं, डब्यात कच्चं पीठ येतं ती, जाळीभर ओळीने मांडून एकदा भाजा. फायरबॉक्सजवळची काळी झालेली दिसतील, मधली तांबूस, धुराड्याच्या टोकाची मागून पोळलेली. त्या दिवशी फोटो काढून ठेवा, पुढे कोंबडी कुठे आणि तंगडी कुठे हे त्यावरून ठरतं.

विस्तव कोळशाच्या निखाऱ्यावर सुरू करा, मग मनगटाएवढी, सोळा इंची फोडलेली लाकडं एकेक. धुराड्याची झडप पूर्ण उघडी, तापमान विस्तव लहान-मोठा करून सांभाळायचं. हवा कमी करून विस्तव दाबला की धूर बिघडलाच. धुराड्याच्या तोंडाशी जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा.

लाकूड पोस्ट ओकचं घ्या, तुमच्या भागात ते मुबलक आहे. पिकॅनही चांगलं. मेस्कीट जास्त वेळ वापरलं तर कडवटपणा येतो. वर्षभर वाळलेलं घ्या, दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर खणकन वाजली पाहिजेत. ओल्या लाल ओकचं सरपण मात्र घरी आणू नका. मध्य टेक्सासात ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग लाल ओकच्या ओल्या लाकडावर वाढतो आणि किडे तो तुमच्या, शेजाऱ्याच्या हिरव्यागार लाइव्ह ओकपर्यंत नेतात. मग ती झाडं जातात. पोस्ट ओक हा पांढऱ्या ओकच्या गटातला, त्याच्यावर ती बुरशी वाढत नाही. रास भिंतीला लावून रचू नका, वाळवी येते. जमिनीपासून उचलून ठेवा. उन्हाळ्यात काउंटीने बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर जाळायला बंदी, लावला तर तो आदेश वाचा. झाकणबंद स्मोकरवर रांधायला बहुधा मुभा असते, पण अशा काळात वाऱ्याच्या दिवशी मी तरी पेटवणार नाही, आणि पाण्याची नळी एरवीही हाताशी ठेवा. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात. दुसऱ्या दिवशीही तिच्या पोटात निखारा जिवंत असतो. स्मोकरमध्ये मात्र ती ठेवू नका, भिजलेली राख पोलाद खाते.

बोकडाची तंगडी : आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण लावून ठेवा. २६० अंशांवर तीन तास धूर, मग फॉइलमध्ये कांदा, थोडं पाणी आणि कांदा-लसूण मसाला घालून गुंडाळा आणि सुरी सहज शिरेपर्यंत ठेवा; आत १९५ ते २०० अंश झाले की होते. मसाला गुंडाळताना घालायचा, सुरुवातीलाच खोबऱ्याचं वाटण थापलं तर फायरबॉक्सच्या बाजूने जळून जातं. कोंबडीला मात्र ३०० च्या पुढे नेल्याशिवाय कातडी रबरासारखी राहते. आतून १६५ झाल्याशिवाय काढायची नाही.

राहिली गटारी. एचओएचा अर्ज, कोबा, २८ दिवस, वेल्डरचं काम, हे सगळं यंदाच्या गटारीआधी बसणार नाही, आणि बसवायची घाई केलीत तर तो शेवटी डेकवरच उतरेल. यंदाची गटारी पेलेट ग्रिलवर करा. श्रावणात तसंही मांस नाही, तेवढ्यात कोबा होऊन जाईल, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची टेक्सासची हवा फायरबॉक्सशेजारी बसायला ऑगस्टपेक्षा कितीतरी बरी. वेल्डरला आगाऊ रक्कम देताना मापं, पत्र्याची जाडी आणि प्रतिभार हे सगळं कागदावर घेऊन त्याची सही घ्या. आणि हो, तो कागद आधी वहिनींना दाखवा.